हॉटेलच्या लॉबीत, नाश्त्याच्या वेळी आणि तरणतलावावर: पोशाख आणि वावर

सांगलीच्या एका भगिनींनी विचारले आहे की, पुतणीच्या लग्नासाठी त्यांचे 14 जणांचे कुटुंब मुंबईत विमानतळाजवळच्या एका पंचतारांकित हॉटेलात दोन रात्री उतरणार आहे. मामंजी 78 वर्षांचे असून धोतर, सदरा आणि टोपी याखेरीज काही घालत नाहीत. घरातल्या बायकांना सकाळी गाऊनवरच खाली नाश्त्याला जाता येईल का, मुलांना हाफ पँट आणि टी-शर्ट घालून तरणतलावात उतरू देतील का, हळद खोलीतच लावली तर चालेल का आणि आपले काही चुकले तर चारचौघांत कोणी बोलेल का, असे त्यांचे प्रश्न आहेत.

मी दादरच्या केटरिंग कॉलेजातून बाहेर पडले त्याला 28 वर्षे झाली. त्यांतली पहिली नऊ वर्षे हाउसकीपिंगमध्ये, म्हणजे खोल्यांच्या साफसफाईच्या विभागात, आणि पुढची सगळी फ्रंट ऑफिसमध्ये, म्हणजे स्वागत कक्षात गेली, तीही मुंबईतच; त्यामुळे पाहुण्यांच्या खोल्या आणि पाहुण्यांच्या तक्रारी या दोन्ही बाजूंनी हा विषय मी पाहिला आहे.

सुरुवात मामंजींपासून करते, कारण तुमच्या लिहिण्यात सर्वांत जास्त काळजी त्यांचीच दिसते. स्वच्छ धोतर, सदरा, टोपी आणि पायांत कोल्हापुरी वहाणा हा पूर्ण पोशाख आहे. त्या पोशाखात ते लॉबीत बसू शकतात, नाश्त्याला जाऊ शकतात आणि रात्री हॉटेलातल्या सर्वांत महागड्या रेस्टॉरंटमध्येही जेवू शकतात. हॉटेलाच्या पाटीवर किंवा वेबसाइटवर ‘स्मार्ट कॅज्युअल’ असे शब्द दिसले तर घाबरू नका. पुरुषांसाठी त्याचा व्यवहारातला अर्थ एवढाच की, अंगात बाह्या असलेला नीटनेटका शर्ट किंवा सदरा असावा, पाय झाकलेले असावेत आणि पायांत रबरी सपाता नसाव्यात. या कसोटीवर तुमच्या घरातला कॉलेजात जाणारा मुलगा गंजीफ्रॉक आणि बर्म्युडा घालून अडेल. मामंजी अडणार नाहीत.

धोतराबद्दलची भीती मात्र निराधार नाही, हेही मान्य करायला हवे. 2014 साली चेन्नईतल्या एका क्लबाच्या दारात वेष्टी नेसून आलेल्या उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींना परत पाठवले गेले होते आणि त्यानंतर त्याच वर्षी तमिळनाडूला अशा बंदीविरुद्ध कायदा करावा लागला. हॉटेलाला पोशाखाचा नियम ठरवता येतो. पण केवळ धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांवरून कोणत्याही नागरिकाला हॉटेलात किंवा सार्वजनिक उपाहारगृहात मज्जाव करता येत नाही, असे राज्यघटनेचा अनुच्छेद 15 स्पष्ट सांगतो. मुंबईतल्या चांगल्या हॉटेलांत आज धोतराला कोणी हरकत घेत नाही, हे मी अनुभवाने सांगते.

खरी अडचण बहुधा दारावर नसते, पाहुण्याच्या मनात असते. फ्रंट ऑफिसला येऊन मला थोडेच दिवस झाले होते तेव्हाची गोष्ट आहे. एका लग्नाच्या वऱ्हाडातले एक वृद्ध गृहस्थ सकाळी रेस्टॉरंटच्या दाराशी बराच वेळ उभे होते. ते कोणाची तरी वाट पाहत असतील असे समजून मी दोनदा त्यांच्यासमोरून निघून गेले. तिसऱ्यांदा माझी नजर खाली गेली. त्यांनी वहाणा काढून भिंतीशी नीट जोडून ठेवल्या होत्या आणि थंडगार संगमरवरावर ते अनवाणी उभे होते. आतला गालिचा पाहून, वहाणा घालून आत जावे की नाही हे त्यांना कळेना, आणि विचारायचा संकोच वाटत होता. मी वहाणा उचलून त्यांच्या पायांशी ठेवल्या आणि त्यांना आत घेऊन गेले. पहिल्याच फेरीत त्यांना विचारले असते तर ती दहा मिनिटे त्यांना तसे तिष्ठावे लागले नसते. ही चूक माझी होती. मामंजींना एकटे खाली पाठवू नका, पहिल्या सकाळी नातवंडांपैकी कोणीतरी त्यांच्यासोबत जावे, एवढेच मी त्यावरून सुचवते.

आता गाऊनकडे वळते. गाऊनवर नाश्त्याला जाऊ नये. आपल्याकडे गाऊनवर कोपऱ्यावरच्या वाण्याकडे जाण्याची सवय आहे आणि त्यात काही गैर आहे असे मी म्हणत नाही. पण हॉटेलाचे रेस्टॉरंट ही घराची ओसरी नव्हे. शेजारच्या टेबलावर कोणी कंपनीच्या बैठकीसाठी आलेले असते, कोणी खाऊन थेट विमानतळावर निघालेले असते, आणि रात्रीच्या कपड्यांतला माणूस समोर बसला की नजर कुठे ठेवावी हे त्यांना कळत नाही. पुरुषांचा नाइट सूट, लुंगी आणि खांद्यावरचा पंचा यांनाही हेच लागू आहे. साधा सुती पंजाबी ड्रेस किंवा रोजची साडी पुरेशी आहे. जरीकाठाची गरज नाही. आंघोळ न करता खाली आलात तरी कोणी विचारणार नाही, केस विंचरलेले आणि कपडे दिवसाचे असले म्हणजे झाले. खोलीत मिळणारा पांढरा झगा खोलीतून स्पापर्यंत किंवा तरणतलावापर्यंत जाण्यापुरता असतो. तो घालून लॉबीतून फिरू नये. खोलीतल्या पांढऱ्या सपाता तर खोलीबाहेर नेऊच नयेत, आणि हा केवळ शिष्टाचाराचा भाग नाही. त्यांचा तळ पातळ आणि गुळगुळीत असतो, ओल्या संगमरवरावर त्या साबणासारख्या सरकतात, आणि घसरून पडलेल्या वयस्कर पाहुण्यांना दवाखान्यात पाठवण्याची वेळ माझ्यावर आलेली आहे.

बुफेवरची एकच गोष्ट विस्ताराने सांगते, कारण आपल्या लोकांत तिचे महत्त्व मोठे आहे. प्रत्येक भांड्याचा चमचा किंवा चिमटा त्याच भांड्यात परत गेला पाहिजे. अंड्याच्या भुर्जीचा चमचा घाईत उपम्यात गेला, की त्यानंतर येणाऱ्या शाकाहारी किंवा जैन पाहुण्यासाठी ते सगळे भांडे बाद झाले. आणि तुम्ही सांगितले नाही तर त्याला ते कळतही नाही. चुकून असे झाले तर जवळ उभ्या असलेल्या मुलाला लगेच सांगा. तो भांडे बदलून आणेल आणि तुम्हाला एक शब्द बोलणार नाही. दुसऱ्यांदा घ्यायला जाताना नवी ताटली घ्यावी, उष्ट्या ताटलीला वाढप्याचा चमचा लागू देऊ नये. उशिरा उठणाऱ्यांसाठी आठ-आठ खुर्च्या पर्स ठेवून अडवू नयेत. लोक येतील तसे टेबल मिळते. डबा भरून नेण्याची पद्धत नाही, पण कोणी आजारी असेल तर मागा, खोलीवर पाठवतात.

तरणतलावाच्या बाबतीत ‘सुती कपडे चालणार नाहीत’ हे ऐकून पुष्कळ कुटुंबांना आपला अपमान झाल्यासारखा वाटतो, म्हणून त्यामागचे कारण नीट सांगते. सुती कापडाचे तंतू पाण्यात सुटतात आणि गाळणीत अडकतात. त्याच कापडात धुण्याच्या पावडरीचा अंश, घाम आणि रस्त्यावरची धूळ असते, आणि हे सगळे पाण्यात उतरले की जंतू मारण्यासाठी घातलेले क्लोरीन त्यांच्यावरच खर्ची पडते. तलावाच्या पाण्यात मुक्त क्लोरीन साधारणपणे लिटरमागे 1 ते 3 मिलिग्रॅम आणि पीएच 7.2 ते 7.8 या दरम्यान राखायचा असतो, आणि सकाळपासून दर काही तासांनी तपासून त्याची नोंद ठेवावी लागते. वीस मुले सुती टी-शर्टांसह उतरली की तो आकडा पाहता पाहता खाली येतो. डोळे चुरचुरवणारा जो उग्र वास आपण ‘क्लोरीन फार घातले आहे’ असे म्हणून नावे ठेवतो, तो बहुतेक वेळा जास्त क्लोरीनचा नसतो. क्लोरीन घामाशी आणि लघवीशी मिसळून जे संयुग तयार होते, त्याचा तो वास असतो. पाण्यात उतरण्यापूर्वी अंगावर शॉवर घ्यायला सांगतात ते यासाठीच. आणि खोबरेल! आपल्या घरांत पोहायला जाण्यापूर्वी मुलांच्या डोक्याला चप्प तेल लावून देण्याची रीत आहे. मी स्वतः तशीच वाढले. ते तेल पाण्यावर तवंग धरते, कडेच्या फरशांवर चिकट काळपट पट्टा उमटवते आणि गाळणीतल्या वाळूची ढेकळे करते. त्या दिवशी तेल लावू नका, किंवा आदल्या रात्री लावून सकाळी शिकेकाईने नाहायला घाला.

कापड नायलॉनचे किंवा लायक्राचे असले की काम भागते. अंग किती उघडे आहे याच्याशी त्याचा संबंध नाही. पूर्ण बाह्यांचा आणि घोट्यापर्यंतचा पोहण्याचा पोशाख मिळतो, सांगलीतही खेळाच्या सामानाच्या दुकानात विचारून पाहा. ज्या बायकांना पाण्यात उतरायचे आहे पण तोकड्या कपड्यांचा संकोच आहे, त्यांनी तो घ्यावा आणि निःसंकोच उतरावे. साडी, ओढणी किंवा सलवार घालून मात्र कधीही उतरू नये. ओले कापड पायांत गुंडाळले जाते आणि चार फूट पाण्यातही माणूस उभा राहू शकत नाही. लहानग्यांना नेहमीचा डायपर नको, पाण्यासाठीचा वेगळा मिळतो. काचेचा ग्लास काठावर नेऊ नये, कारण पाण्यात पडलेली काच दिसत नाही आणि एका फुटलेल्या ग्लासापायी अख्खा तलाव रिकामा करावा लागतो. पोहून झाल्यावर अंग पुसून, वर झगा किंवा कोरडे कपडे घालूनच लिफ्टमध्ये जावे. तलावावर दुसऱ्या पाहुण्यांची, विशेषतः त्यांच्या मुलांची, छायाचित्रे घेऊ नयेत. तुमच्या मुलांचे चित्रीकरण करताना मागे कोणी आले असेल तर ते पुन्हा घ्या.

व्यायामशाळेत स्वच्छ तळाचे बूट लागतात, वहाणांवर प्रवेश नाही. यापलीकडे तिथले काही विशेष नाही.

तुम्ही विमानतळाजवळ उतरणार आहात, म्हणून खोल्यांसमोरच्या मार्गिकांतल्या आवाजाविषयी जरा जास्त लिहिते. शहरातल्या इतर हॉटेलांत रात्री शांतता राखली की पुष्कळसे काम होते. अंधेरी-सहार भागातल्या हॉटेलांत तसे नसते. तिथे विमान कंपन्यांचे वैमानिक आणि कर्मचारी पहाटे तीनला उतरतात, सकाळी सहाला झोपतात आणि दुपारी दोनपर्यंत गाढ झोपेत असतात, कारण संध्याकाळी त्यांना पुन्हा उडायचे असते. तुमच्या दृष्टीने भर सकाळी अकरा वाजता मार्गिकेत सुरू झालेली पकडापकडी त्यांच्या दृष्टीने मध्यरात्रीची असते. लग्नाच्या घरात दारे उघडी टाकून एका खोलीतून दुसऱ्या खोलीत हाका मारण्याची सवय असते. इथे त्याऐवजी खोलीतला फोन वापरा. हॉटेलाची दारे आपोआप मिटतात आणि जड असल्यामुळे धाडकन आपटतात, म्हणून हात धरून लावावीत. 14 जणांच्या खोल्या एकाच मजल्यावर, शक्यतो मार्गिकेच्या टोकाला, मिळतील का असे आरक्षणाच्या वेळीच विचारा. त्यामुळे तुमचाही जीव मोकळा राहतो आणि इतरांचाही.

लॉबीत मोबाइलवरचे व्हिडिओ मोठ्याने लावू नयेत आणि कोचावर पाय वर घेऊन आडवे होऊ नये. खोल्या दुपारी दोनला मिळणार आणि तुम्ही रात्रीच्या गाडीने सकाळी सातलाच पोहोचणार असाल, तर बेल डेस्कवर सामान ठेवून हात-तोंड धुण्यासाठी जागा मागा. ती नेहमी मिळते, पण मागितल्याशिवाय कोणाला कळत नाही. प्रवेशद्वारावर सामान तपासतात, प्रौढ व्यक्तीकडे ओळखपत्र मागतात. नोव्हेंबर 2008 नंतर मुंबईतल्या हॉटेलांत हे सर्वांसाठी सारखेच आहे, त्यात कोणाविषयी संशय नसतो. सिगारेटबद्दल सांगायचे तर सार्वजनिक जागेत धूम्रपानाला कायद्याने बंदी आहे. फक्त 30 किंवा त्याहून अधिक खोल्यांच्या हॉटेलाला त्यासाठी वेगळी बंदिस्त जागा ठेवता येते. ती कुठे आहे ते काकांना आधीच विचारून ठेवू द्या.

आता हळद. खोलीत हळद लावू नका. हे मी हाउसकीपिंगमधल्या नऊ वर्षांच्या अनुभवावरून सांगते. घरी हळदीचा डाग पडलेला कपडा आपण उन्हात टाकतो आणि दोन दिवसांत तो फिका पडतो, कारण हळदीतला रंग उन्हाने विरतो. हॉटेलाच्या धुलाईघराला ऊन नाही. ते तळघरात असते आणि कपडे यंत्रात वाळतात. शिवाय धुण्याची पावडर अल्कधर्मी असल्यामुळे तिच्यात पडताच पिवळा डाग लालसर होतो. एका हळदीनंतर मी 22 पांढरे टॉवेल आणि दोन गाद्यांची आवरणे बाजूला काढलेली आहेत. त्यांची किंमत पाहुण्यांच्या बिलावर चढली आणि नवरीच्या वडिलांना ती लग्नाच्या दिवशीच कळली, याचे मला फार वाईट वाटले होते. म्हणून आधीच बँक्वेटवाल्यांशी, म्हणजे समारंभांचे हॉल पाहणाऱ्यांशी, बोलून हळदीसाठी वेगळी जागा ठरवून घ्या आणि हाउसकीपिंगकडे ‘कंडेम झालेले टॉवेल द्या’ असे सांगा. वापरातून काढलेले असे टॉवेल प्रत्येक हॉटेलात गठ्ठ्यांनी पडलेले असतात आणि आनंदाने देतात. हळदीने माखलेल्या अंगाने लिफ्टच्या भिंतींना टेकू नका, आणि तशाच अंगाने तरणतलावात उड्या मारण्याची जी नवी हौस आली आहे ती कृपा करून टाळा.

याला लागूनच कापूर आणि उदबत्ती. सकाळची पूजा चुकू नये असे वाटणारे कोणी ना कोणी प्रत्येक वऱ्हाडात असते. एका पहाटे सहाच्या सुमारास आगीचा इशारा देणाऱ्या आमच्या पॅनेलवर चौथ्या मजल्याचा दिवा लागला. सुरक्षारक्षकासह मी धावत वर गेले, तर एक आजी ताम्हनात कापूर लावून डोळे मिटून आरती म्हणत होत्या. छतावरच्या यंत्राला कापराचा धूर आणि आगीचा धूर यांतला फरक कळत नाही. आम्ही आरती पुरी होईपर्यंत दाराशी थांबलो, पण तेवढ्यात शेजारच्या खोल्यांतले लोक घाबरून बाहेर आले होते. तुमच्याकडे पूजेचा नेम असेल तर फुले आणि गंध यांवर दोन दिवस भागवावे. निरांजन लावायचेच असेल तर हॉटेलाला सांगावे. लग्नाच्या हॉलमध्ये त्याची सोय करून देतात.

शेवटचा प्रश्न, कोणी चारचौघांत बोलेल का. बोलू नये असेच आम्हाला शिकवलेले असते. पाहुण्याला बाजूला घेऊन, हळू आवाजात आणि पर्याय देऊन सांगायचे, म्हणजे ‘हे चालणार नाही’ असे न म्हणता ‘तुमच्यासाठी पोशाख आणून देऊ का’ असे म्हणायचे. कोणी याहून वेगळे वागले तर तिथे वाद न घालता रिसेप्शनवर ड्यूटी मॅनेजरला बोलवा. हा तुमचा हक्क आहे. आमची अपेक्षाही तेवढीच असते. चुटकी वाजवून किंवा ‘ए’ म्हणून हाक मारलेली आम्हाला दिवसभर टोचत राहते. ‘दादा’, ‘ताई’ म्हणा, नाहीतर छातीवरच्या पट्टीवरचे नाव वाचून हाक मारा. आमच्याकडे मणिपूर, नागालँड, मिझोरम इथली पुष्कळ मुले-मुली मनापासून काम करतात. त्यांना ‘तुम्ही कुठल्या देशाचे’ असे विचारू नका. आपल्याच देशात त्यांना हे रोज ऐकावे लागते आणि त्यानंतरचे त्यांचे चेहरे मी पाहिले आहेत.

निघण्याच्या दोन दिवस आधी हॉटेलात फोन करून गेस्ट रिलेशन्सकडे, म्हणजे पाहुण्यांच्या गरजा पाहणाऱ्या विभागाकडे, जोडून मागा. 14 जण आहात, एक गृहस्थ 78 वर्षांचे आहेत, त्यांना लिफ्टजवळची खोली, न्हाणीघरात स्टूल आणि घसरू नये म्हणून रबरी चटई हवी, नाश्त्याला दाराजवळचे टेबल हवे, हळदीसाठी जुने टॉवेल हवेत, असे सगळे एकदाच सांगा आणि फोन घेणाऱ्याचे नाव लिहून ठेवा. मराठीत बोललात तरी चालेल; त्या टेबलावर मराठी जाणणारे कोणी तरी असतेच.